राजाराम सरांचा उजवा पाय

मुलुंडला पाच रस्त्यावर सँडविचवाल्यापाशी पाच मिनिटं उभं राहिलं की कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतंच, राजाराम परब सरांना गाडी चालवता येत नाही. पुरावाही तयार असतो. अर्ध्या मुलुंडला गाडी शिकवणाऱ्या या माणसाला उजव्या सीटवर बसलेलं कुणी पाहिलंय का? नाही ना? सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गल्लीतून बाहेर काढतो तो दुसरा मास्तर नितेश, संध्याकाळी लावतो तोही नितेश. सर कायम डावीकडे. मग वरून मसाला पडतो. म्हणे लायसन्स जप्त झालंय. म्हणे उजवा पाय लाकडाचा आहे, वाजवून बघा.

तर पाय हाडामांसाचा आहे. लायसन्स पाकिटात आहे आणि ते अवजड वाहनांचंसुद्धा आहे. लेक निधी जन्मायच्या आधी सर सावंतवाडीची खासगी बस चालवायचे, आणि घाटाच्या वळणांवर त्यांच्या बसमधल्या माणसांची डोकी खिडकीवर आपटत नसत, हे त्यांच्या गावचे लोक अजून सांगतात. मुलगी झाली, बायको रुक्मिणी म्हणाली की रोज घरी जेवायला येणारा नवरा पाहिजे, आणि सरांनी धवलभाईंच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मास्तरकी धरली. सरांना गाडी चालवता येते. त्यांना जमत नव्हतं ते वेगळंच होतं: दुसरा चालवत असताना आपण न चालवणं.

स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या ब्रेकला पाय पोचावा म्हणून सरांची सीट पुढे ओढलेली. गुडघे डॅशबोर्डला, डावा खांदा दाराला, उजवा खांदा शिकणाऱ्याच्या घामाला. एसी लावायचा नाही, कारण धवलभाईंच्या मते त्याने गाडीचा दम जातो. काच उघडावी तर मेट्रोच्या कामाची धूळ आत येते. फेरी ठरलेली: गल्लीतून निघायचं, पाच रस्त्याला वळसा, एलबीएस मार्गाला लागायचं, भांडुपच्या अलीकडे यू-टर्न, आणि परत. दोन्ही बाजूंनी पत्रे लावून अर्धा करून टाकलेल्या त्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. दुसऱ्या गिअरचा एक रडका सूर असतो; नाक चिमटीत धरून ‘ऊंऽऽ’ केलं की हुबेहूब येतो. सर तो सूर दिवसभर ऐकतात. तिसरा कसा वाजतो हे ते विसरत चालले होते.

शिकवताना त्यांचं एकच वाक्य. हनुवटी वर, मान थोडी डावीकडे, आवाज देवळात बोलावं तसा: “हळू. हळू. अजून हळू, बाय माझे. आपल्याला कुठे जायचंय?” खांदा जरासा हलतो, आणि गाडी थांबते. शिकणाऱ्याला वाटतं आपणच थांबवली. ही नक्कल मी लग्नात, गच्चीवर आणि बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला करून दाखवली आहे आणि कुठेही पडलेली नाही. पण नकलेत तो पाय दाखवता येत नाही. तो खाली असतो, अंधारात, कायम टेकलेला.

गाडीतून उतरल्यावरही तो थांबत नसे. रिक्षात बसले की सर पुढच्या दांडीवर पाय रोवत, आणि रिक्षावाला आरशात बघून म्हणे, “काका, ब्रेक मेरे पास है.” घरी, घाटकोपरला भटवाडीतल्या खोलीत, टीव्हीवर बॅट्समन धावत सुटला की सरांचा पाय टीपॉयच्या खालच्या पट्टीवर. स्वयंपाकघरातून रुक्मिणीकाकू न बघता ओरडत, “अवो, पाय काढा थयसून. माजी टीपॉय मोडतली.”

सर पाय काढत. जाहिरात लागेपर्यंत तो परत तिथेच असे.

असं बरंच चाललं असतं. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला धवलभाई एका बाईंना घेऊन स्कूलमध्ये आले. शर्मिष्ठा मॅडम, राहणार कांदिवली, एकेकाळी रॅलीत गाड्या पळवलेल्या. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं.

“राजाराम, आपण ना नवीन चालू करतोय,” धवलभाई म्हणाले. “यंग लोकांसाठी. लायसन्स मिळतं ना, मग हायवेला जातात आणि ठोकतात. त्यांना गाडी कंट्रोल करायला शिकवायचं. एकदम हातात देऊन.”

“कुठे?” सरांनी विचारलं. मुलुंडमध्ये गाडी हातात देण्याइतकी जागा त्यांना माहीत नव्हती.

“माहुलला. टँकर उभे राहायचे ना, ते यार्ड घेतलंय भाड्याने.”

शर्मिष्ठा मॅडमनी बाकीचं सांगितलं. शनिवार-रविवार यार्डात वर्ग. पूर्ण जोरात ब्रेक मारणं, साबणाच्या पाण्यावर घसरलेली गाडी सावरणं, अचानक आडवं आलेलं चुकवणं. पावसाळ्यापर्यंत त्या स्वतः शिकवतील, मग यार्ड एका मास्तराच्या हाती देऊन जातील. “तो तुम्ही, नाहीतर नितेश. आणि एक आहे सर, तिथल्या गाडीला डाव्या बाजूला ब्रेक नाही.”

“मग मास्तराने करायचं काय?”

“बोलायचं.”

सरांनी मान डोलावली. आत मात्र त्यांना एवढंच ऐकू आलं होतं की तिथे रस्ता रिकामा आहे. तिथे गाडी तिसऱ्यात जाईल. आठवड्यातले दोन दिवस पत्रे नाहीत, यू-टर्न नाही, ऊंऽऽ नाही. घरी येऊन त्यांनी रुक्मिणीकाकूंना सांगितलं तेव्हा त्या पोळी लाटत होत्या. “माका ठाऊक आसा,” त्या म्हणाल्या, “तुमका परत गाडी पळवूची आसा.” सरांनी नाही म्हटलं नाही.

माहुलचं यार्ड म्हणजे एक भलंथोरलं काँक्रीटचं अंगण. रिफायनरीचा वास नाकाला पहिल्या दिवशी चावतो, दुसऱ्या शनिवारी कळेनासा होतो. पहिली बॅच आमची: नुकतंच लायसन्स मिळालेली आठ-दहा पोरं. त्यात सरांची निधी, तिची मैत्रीण मी, आणि अनय. अनय मुलुंडच्या डॉक्टर क्षमा मॅडमचा मुलगा, सरांचा लाडका विद्यार्थी, पहिल्या फटक्यात टेस्ट पास झालेला.

“त्या लाल शंकूपाशी पोचलास की ब्रेक,” शर्मिष्ठा मॅडम त्याच्या शेजारी बसून म्हणाल्या. “अर्धामुर्धा नाही. पेडल मोडायचंय असा. पायाखाली टरटर होईल, घाबरायचं नाही, पाय काढायचा नाही.”

अनयने गाडी सोडली. पहिला, दुसरा, तिसरा. कडेला उभ्या असलेल्या सरांनी तिसऱ्याचा आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा गरम चहाचा पहिला घोट घेतल्यासारखा सैल झाला. गाडी लाल शंकूपाशी आली. लाल शंकू मागे पडला. पुढचा शंकू बंपरखाली गेला. त्यापुढचे पुठ्ठ्याचे खोके आकाशात उडाले, आणि मॅडमनी हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी कंपाउंडच्या भिंतीकडे चांगलीच बघत होती.

“ब्रेक का नाही मारलास?”

अनय खोटं बोलणाऱ्यातला नाही. “मला वाटलं लागेल.”

“कोण लावेल?”

त्याने काच खाली केली आणि राजाराम सरांकडे बघितलं.

आम्ही पोट धरून हसलो. नितेश तर खाली बसला. सर हसले नाहीत. ते उडालेले खोके गोळा करायला गेले आणि एक खोका हातात धरून तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत किती जणांना पास करून दिलं होतं त्यांनी. आणि यातल्या प्रत्येकाची गाडी सरांच्या पायाने थांबत होती. आता ती माणसं कुठे कुठे गाड्या चालवत असतील, एकटी, डावी सीट रिकामी ठेवून. खोक्यावर चाकाची खूण उमटली होती. सरांनी ती अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला.

मग मॅडमनी सरांना डावीकडे बसवलं आणि निधीला स्टिअरिंगवर. मागे मी. गाडी तिसऱ्यात गेली, लाल शंकू अजून बराच लांब होता, आणि सरांचा पाय चटईवर धाडकन आदळला. तिथे पेडल नव्हतं, पण पायाला ते कोण सांगणार? त्याच्याबरोबर खांदा हलला, खांद्याबरोबर श्वास आत गेला, आणि निधीने दचकून ॲक्सिलरेटर सोडला. शंकूपाशी तिने कसाबसा अर्धा ब्रेक मारला. गाडी आजारी म्हशीसारखी पुढे जाऊन थांबली.

“पप्पा, तुम्ही दचकलात की मी दचकते.”

“मी काही केलं नाही.”

“तुम्ही पाय मारलात.”

“कुठे मारला?”

हा वाद परत परत झाला. प्रत्येक वेळी धाड, प्रत्येक वेळी “कुठे मारला?” सरांना खरोखरच कळत नव्हतं. डोळ्यांची उघडझाप कळत नाही तसं.

शेवटी जेवायच्या सुट्टीत मॅडमची नजर निधीच्या डब्यावर पडली. रुक्मिणीकाकूंनी गावाहून आलेले फणसाचे पापड तळून दिले होते. मॅडमनी एक उचलला, कडेने जरा चावून बघितला, आणि उरलेला तसाच हातात धरून म्हणाल्या, “सर, बूट काढा.”

त्यांनी चटईवर स्वच्छ कागद पसरला, त्यावर अख्खा पापड ठेवला आणि सरांना मोज्याचा पाय त्यावर अलगद टेकवायला लावला. “शंकूच्या आधी तुटला तर तुमचा पाय. ब्रेक लागल्यावर तुटला तर गाडीचा धक्का, तो माफ. ज्या दिवशी आधी तुटणार नाही, त्या दिवशी यार्ड तुमचं.”

“आणि आधी तुटला की नंतर, ते कोण ठरवणार?” नितेशने विचारलं. त्याला यार्ड हवं होतं, आणि त्यात काही वाईट नव्हतं. तोही दुसऱ्या गिअरमध्येच दिवस काढत होता.

“ही ठरवेल,” मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “सकाळपासून माझी नक्कल करतेय. कान चांगला आहे.”

तर असा न्यायनिवाडा माझ्या कानावर आला. पापड तुटला की ‘कट्’. ब्रेक लागला की टायरची ‘चर्र’. त्या दिवशी सगळ्या फेऱ्यांना आधी कट्, मग चर्र. त्यानंतरच्या शनिवारी कट्. रविवारी कट्. रुक्मिणीकाकू डबा वाढवत गेल्या. एका रविवारी तर निधी गाडी सुरूच करत होती आणि कट्.

सगळ्यात वाईट होते ते मधले दिवस. सोमवारी सर परत मुलुंडला, गुडघे डॅशबोर्डला लावून. तिथे पाय नसेल तर कुणीतरी मरेल. माहुलला पाय असेल तर कुणी शिकणार नाही. एकाच पायाला दोन नोकऱ्या. पाच दिवस जे घट्ट व्हायचं ते दोन दिवसांत सैल कसं होणार?

एका बुधवारी त्यांनी ठरवलं, इथेही थोडं सोडून बघू. गाडीवर जान्हवी होती, शिकायला लागून महिना झालेली. समोर एक हातगाडीवाला आडवा येत होता. सरांनी पाय पेडलच्या वर उचलून धरला आणि वाट बघितली. जान्हवी शांतपणे हातगाडीकडे बघत होती. गाडीही तिकडेच चालली होती. सरांच्या कपाळावर घाम आला. तिला दिसतंय, मारेल. आता मारेल. हातगाडीवरच्या कलिंगडांवरचे पट्टे मोजता येतील एवढं अंतर राहिलं तेव्हा सरांनी पाय खाली घातला. मागून एका मोटरसायकलवाल्याने दोघांचीही आईबहीण काढली.

जान्हवी वळून म्हणाली, “सर, आज लेट मारलात.”

त्या संध्याकाळी सर घरी आले ते जेवलेच नाहीत धड. निधी म्हणाली, “पप्पा, राहू दे ना. नितेशदादा करेल यार्ड.” टीव्ही बंद होता तरी पाय टीपॉयच्या पट्टीवर होता. रुक्मिणीकाकूंनी पहिल्यांदाच त्यांना काढायला सांगितलं नाही. त्या जवळ येऊन बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “समोर काय आसा ता बगूक पोरीक डोळे आसत. तुमी खय बगतास?”

सर उठून झोपायला गेले. प्रश्न मात्र घरभर राहिला.

मेअखेरच्या रविवारी ढग आले होते आणि शर्मिष्ठा मॅडमची बॅग गाडीत भरलेली होती. “आजची शेवटची फेरी,” त्या म्हणाल्या. “झालं तर सर, नाही तर नितेश. यावर परत चर्चा नाही.” पापडही शेवटचाच उरला होता.

निधी स्टिअरिंगवर बसली. मी मागे. सर दार उघडून डावीकडे बसले, बूट काढले, मोजे सारखे केले, आणि चक्क सीटवर मांडी घातली. पंगतीला बसावं तशी.

“हे काय?” मॅडम खिडकीत वाकल्या.

“पाय खालीच नाही. तुटणार कसा?”

“पट्ट्याखालून घसरून पुढे जाल आणि दात डॅशबोर्डवर राहतील. पोरांना हेच शिकवणार का? पाय खाली.”

सरांनी मांडी सोडली. एवढी लहान मांडी सोडायला त्यांना फार वेळ लागला. डावा पाय रोवला, उजवा पापडावर टेकवला. मला कागदाची कुरकुर ऐकू येत होती.

“सर,” मी मागून म्हटलं, “आज पण कट् होणार. लावा पैज.”

“कशाची?”

“नाही तुटला ना आधी, तर तो पापड मी खाईन. जसा असेल तसा. तुमच्या मोज्याखालचा.”

निधी आरशात बघून म्हणाली, “ई, तू खाशील?”

“वेळच येणार नाही,” मी म्हटलं.

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. “लावली,” ते म्हणाले.

गाडी निघाली. पहिला. दुसरा, तो आपला ऊंऽऽ करत. मग तिसरा पडला आणि रडणं थांबून गाडी खर्जात गायला लागली. लाल शंकू मोठा होत होता. सरांची हनुवटी वर गेली, खांदा वर आला, मांडीवरचा हात आवळला गेला. मी डोळे मिटून कान टवकारले. कागद कुरकुरला. आता कट्.

कट् आला नाही. मी डोळे उघडले तर सर समोर बघतच नव्हते. त्यांनी मान उजवीकडे, खाली वळवली होती आणि निधीच्या पायाकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी शिकणाऱ्याचा पाय कधी बघितलाच नव्हता. त्यांची नजर कायम रस्त्यावर, म्हणून पाय कायम रस्त्यासाठी तयार. आता रस्ता नव्हता. फक्त एक पांढरा स्पोर्ट्स शूज होता, त्यांच्या मुलीचा, ॲक्सिलरेटरवर. तो उचलला गेला. घाई न करता डावीकडे सरकला. ब्रेकवर आला.

“जोरात, बाय,” सर म्हणाले. हळू नाही म्हणाले.

चर्र. गाडीने नाक जमिनीला लावलं, पट्टे छातीत रुतले, पायाखाली टरटर झाली आणि निधीने पाय काढला नाही. लाल शंकू बंपरपुढे तसाच उभा राहिला. आणि मग, सगळं शांत होताना, धक्क्याने पुढे गेलेल्या सरांच्या पायाखाली: कट्.

सर अजून त्या बुटाकडेच बघत होते. मॅडम धावत आल्या, मागे नितेश आणि अख्खी बॅच.

“आधी काय?” मॅडमनी मला विचारलं.

नितेश माझ्याकडे बघत होता. गाडीत आम्ही तिघंच होतो, त्यातल्या दोघांनी काही ऐकलं नसणार. निधीचे कान टायरने भरलेले होते आणि सरांना तर तुटल्याचंही कळलं नव्हतं.

“चर्र,” मी म्हटलं. “मग कट्. चांगलं मोठं अंतर होतं.”

मॅडमनी यार्डाच्या किल्ल्या काढून सरांच्या मांडीवर टाकल्या. नितेशने थोबाड पाडलं, मग खिडकीतून हात घालून सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “सोमवारपासून गाडी तुम्हीच काढा गल्लीतून, सर. लोक काय काय बोलतात.”

सोमवारी सरांनी काढलीही. तेवढंच. नंतर ते डावीकडे सरकले, गुडघे डॅशबोर्डला लावले आणि भांडुपच्या यू-टर्नला निघाले; तिथे पाय लागतोच. शनिवारी मात्र ते माहुलला असतात. गाडी शंकूकडे जात असते आणि ते रस्ता सोडून कुणाच्या तरी चपलेकडे बघत असतात. अनय परवा लाल शंकूच्या हातभर अलीकडे थांबला आणि स्वतःच घाबरला.

पण त्या रविवारी किल्ल्या मिळाल्यावर सरांनी आधी बूट घातले नाहीत. खाली वाकून त्यांनी कागदाचे चारी कोपरे जुळवले, पुडी केली आणि मागे माझ्या हातात दिली. हनुवटी वर, मान थोडी डावीकडे.

“हळू,” ते म्हणाले. “हळू खा. आपल्याला कुठे जायचंय?”

फणसाचा होता. चुरा झाला होता, आणि एका बाजूला मोज्याची वीण उमटली होती. सगळी बॅच खिडक्यांना नाक लावून बघत असताना मी तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.